बत्तीस इंचांवरचं सिंक

राहात्याच्या आमच्या भाड्याच्या घरातलं सिंक जमिनीपासून बरोबर बत्तीस इंचांवर होतं. हा आकडा मी कुठल्या पुस्तकातून काढलेला नव्हता. बायकोला भिंतीला पाठ लावून उभं केलं, हात कोपरात वाकवायला सांगितला, कोपरापासून जमिनीपर्यंत टेप धरली आणि आलेल्या अडतीस इंचांतून सहा वजा केले. तीनदा मोजलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "अहो, ओटा बांधताय की मला ब्लाउज शिवताय?"

मी तेव्हा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होतो. उसाची गाडी काट्यावर चढली की भरलेलं वजन, ऊस उतरवून परत आली की रिकाम्या गाडीचं वजन, आणि दोन्हींतला फरक. दिवसभर हेच काम. त्यामुळे दोनदा मोजल्याशिवाय मला कशाचीच खात्री वाटत नाही आणि तीनदा मोजलं तर बरं वाटतं. घरात याची चेष्टा व्हायची, पण तो ओटा उगाच मोजलेला नव्हता.

त्याच्या आदल्या पावसाळ्यात बायको मोरीत शेवाळावरून घसरली. गुडघा सुजला, सूज उतरली, पण गुडघा पूर्वीसारखा दुमडेना. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं की यापुढे उकिडवं बसायचं नाही. आता हे ऐकायला सोपं वाटतं. पण तेव्हा आमच्या गल्लीतलं एकूणएक स्वयंपाकघर जमिनीवर होतं. चूल जमिनीवर, स्टोव्ह जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, भांडी घासायची मोरी तर जमिनीहूनही दोन बोटं खाली. ज्या बाईला बसता येत नाही, ती त्या स्वयंपाकघरात पाहुणी होती. चार महिने कधी तिची बहीण, कधी माझी भावजय येऊन राहून गेली. मग घरच्या मोठ्यांचं ठरत आलं की तिला बेलापूरला माझ्या भावाकडे ठेवावं, मुलंही तिथल्याच शाळेत घालावीत आणि मी इथे खाणावळीत जेवावं. एक दिवस पाहिलं, तर ती खुर्चीवर बसून रिकामे डबे पुसून फळीवर पुन्हा लावत होती. डब्यांत काही नव्हतं आणि ते स्वच्छच होते.

त्या आठवड्यात मी ओट्याचं मनावर घेतलं. उभ्यानं स्वयंपाक करायचा, उभ्यानं भांडी घासायची. गल्लीत असा ओटा कुणाकडे नव्हता. कारखान्याच्या साहेबांच्या बंगल्यात एक होता, तो मी बाहेरून पाहिला होता.

घर मावशींचं होतं; घरमालकिणीला सगळी गल्ली मावशी म्हणायची. आम्ही पुढच्या दोन खोल्यांत, त्या मागच्या दोन खोल्यांत, मधे पांढऱ्या मातीची एक भिंत. मावशींचे यजमान त्याच दिवाळीत गेले होते. आठ एकर जमीन त्या एकट्या बघत होत्या, आणि दुष्काळाचं ते दुसरं वर्ष असल्यानं बघण्यासारखं तिच्यात काही उरलं नव्हतं. जे काही होतं ते आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे होतं. बांबूची विणलेली, शेणानं सारवलेली कणगी, आणि तिच्यात दोन वर्षांपूर्वीची ज्वारी. ओट्याचं विचारलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली.

"बांधा की. पोरीचं हाल मलाबी बघवत न्हाईत. पन भिंतीला वल आली, की गवंडी बोलवून फोडायचा. पल्याड माजी कनगी हाय. मग मला म्हनायचं न्हाई."

अट वाजवी होती. मी मान्य केली.

ओटा झाला. कडप्प्याची लाद, तिच्यात खाच पाडून बसवलेलं मोझेकचं सिंक. नळ नव्हताच, कारण नळ अंगणात आणि तोही एका आड एक दिवस तासभर. ओट्यावर पितळी तोटीचं पिंप ठेवलं होतं. सिंकच्या तळाला जाळी, जाळीखाली मोठा नट, नटाखाली सव्वा इंची पाइप, पाइपला एक बाक, आणि तिथून तो परसातल्या अळवात बाहेर. झालं एवढंच. बायको पहिल्या दिवशी उभी राहून भांडी घासत होती, तेव्हा गल्लीतल्या सात बायका बघायला आल्या. आठवी दाराशी होती, पण सासू सोबत असल्यानं तिला आत येता येत नव्हतं. बेलापूरचं बोलणं बंद झालं.

हळूहळू जमिनीवरचं सगळं ओट्यावर चढलं. स्टोव्ह, पोळपाट, मिसळणाचा डबा, आणि शेवटी माठ. माठाचं असं झालं की आमच्याकडे आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्षभरात माणूस गेलेलं घर त्याच्या नावानं पाण्यानं भरलेला नवा माठ कुणाच्या तरी घरी देतं. ते पाणी लोकांनी प्यायलं, की गेलेल्याला पोचतं असं मानतात. मावशींनी यजमानांच्या नावाचा माठ आम्हाला दिला. आमचा जुना माठ कोपऱ्यात जमिनीवर होता, तो परसात गेला. नवा मावशींनी स्वतःच्या हातानं ओट्यावर, सिंकच्या डाव्या अंगाला, भिंतीला टेकून ठेवला. "ही वाकत न्हाई, तर माठबी वरच असू द्या," म्हणाल्या. त्यानंतर रोज दुपारी त्या यायच्या, माठ भरलेला आहे का बघायच्या आणि फुलपात्रभर पाणी पिऊन जायच्या. आम्ही दोघं ते पाणी मुद्दाम जरा जास्तच प्यायचो.

आखितीच्या दुसऱ्या दिवशी सिंकखालचा नट गळायला लागला.

मला नवल वाटलं नाही. सणाचा स्वयंपाक झाला होता, पुरणाची भांडी होती, आमरसाचं पातेलं होतं, आणि आमची भांडी घासली जायची राखेनं. मोरीत राख चालते, मोरीचं तोंड मोठं. सव्वा इंची पाइपात राख आणि तूप एकत्र आलं की ते सिमेंटसारखं बसतं. मी हे बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली की मग उद्यापासून तुम्ही कशानं घासता ते बघू.

प्लंबर गावात एकच होता आणि तो तेव्हा पाण्याच्या टाक्यांच्या कामावर गावोगाव फिरत होता. दुष्काळामुळे उसाचं गळीत लवकर आटोपलं होतं, मला रजा होती, मुलं सुट्टीला अकोल्याला मामाकडे गेली होती. कारखान्यातल्या आमच्या फिटरकडून मी पाइप पाना आणला. त्यानं जोड बसवायची रीत सांगितली. आट्यांवर सूत गुंडाळायचं, सुतावर सफेदा, म्हणजे गळती बुजवणारा पांढरा लेप, चोपडायचा, मग आवळायचं, आणि आवळताना आपली सगळी ताकद दाखवायची नाही.

पहिल्या दिवशी मी नट पाव फेरा आवळला. थेंब चालूच.

दुसऱ्या दिवशी सगळं उघडलं. पाठीवर पडून, डोक्याखाली पाट घेऊन. बाक काढला, त्यात खरोखरच राखेचा बोटभर गोळा निघाला. तो मी बायकोला दाखवायला म्हणून ताटलीत घेऊन गेलो, तेव्हा ती निवडत असलेल्या डाळीपासून ताटली लांब सरकवत म्हणाली, "पाहिला. ठेवा आता." बाक धुतला, सूत, सफेदा, आवळलं. एक दिवस सिंकमध्ये पाणी ओतायचं नाही असं ठरलं. त्या दिवशी तिनं भांडी परसातल्या मोरीपाशी, उंच स्टुलावर बसून, कमरेतून वाकून घासली. उठताना भिंतीला धरून उठली. मी पाहतोय हे लक्षात आल्यावर भिंत सोडली.

थेंब चालूच.

आता मी मोजायला लागलो. घड्याळ समोर ठेवून, नटाखाली वाटी धरून. सकाळी सहाला मिनिटाला आठ थेंब. दुपारी दोनला सत्तावीस. संध्याकाळी सोळा. सिंक बंद, पाणी ओतलेलं नाही, तरी दुपारी सकाळच्या तिपटीहून जास्त. आकडे समोर असताना माणूस किती चुकू शकतो हे मला त्या आठवड्यात कळलं. मी निष्कर्ष काढला की नट पितळेचा, पाइप लोखंडाचा, उन्हानं दोन्ही सारखे फुगत नाहीत, म्हणून दुपारी जोड सैल पडतो. काट्यावर आम्ही उन्हाळ्यात लोखंडाचं असलं वागणं पाहिलेलं होतं. मला तो निष्कर्ष फार आवडला होता.

बायकोनं फक्त विचारलं, "पण सिंकमध्ये पाणीच नाही. मग गळतंय काय?"

मी म्हणालो, बाकात साठलेलं.

"बाकात किती राहतं?"

मी बाक पुन्हा काढून, भरून, ओतून मोजलं. अर्धं फुलपात्रसुद्धा नाही. आणि कालपासून वाटीत जमलेलं पाणी तांब्याला पोचलं होतं. फरक जुळत नव्हता. काट्यावर असा फरक आला असता तर मी गाडी सोडली नसती. इथे मी स्वतःला सांगितलं की थेंब मोजण्यात काहीतरी चूक झाली असेल.

चौथ्या दिवशी मावशींनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. कणगीमागे भिंतीवर ओल होती. परातीएवढा काळपट डाग, कणगीपासून वीतभर अंतरावर. त्यांनी आवाज चढवला नाही, मला ते जास्त लागलं.

"गुरवारी बाजार," त्या म्हणाल्या. "शुकरवारी गवंडी येतो, तसा सांगावा धाडलाय. मी वाईट वाटून घेत न्हाई, तुमीबी घेऊ नका. ज्वारी बुरसली, तर औंदा काय खायाचं?"

मी घरी येऊन सांगितलं. बायको पोळ्या लाटत होती. तिनं हातातली पोळी पुरी केली, तव्यावर टाकली, उलटली, आणि म्हणाली, "बेलापूरला दुपारची गाडी किती वाजता असते?" मला तिकडची सगळी वेळापत्रकं पाठ होती. मी सांगितलं नाही.

फिटरकडे पुन्हा गेलो. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं की पाण्याचा शेवटचा थेंब बघताय, की पहिला? गळती जिथे टपकते तिथे असतेच असं नाही. सगळं कोरडं पुसा, वर कोरडी राख मारा, आणि पहिल्यांदा काळी कुठे पडते तेवढं बघा. बुधवारी सकाळी आम्ही तेच केलं. बायकोनं राख वस्त्रगाळ केली, मी पाठीवर पडून कडप्प्याच्या खालच्या अंगाला, सिंकच्या बुडाला, नटाला, पाइपाला फडक्यानं चोपडली. सगळं करडं झालं, मीही झालो. मग वाट बघत बसलो. ती वर उभी, मी खाली आडवा. तासभर आम्ही बोलत होतो. तिच्या माहेरच्या विहिरीबद्दल, मुलांच्या पत्रात असलेल्या चुकांबद्दल. मला तिचे पाय तेवढे दिसत होते. दुखरा पाय ती पुढे टाकून उभी होती.

साडेदहाच्या सुमारास राख काळी पडली. नटापाशी नाही. नट कोरडा होता, पाइप कोरडा होता, माझे दोन्ही जोड चोख होते. काळी रेघ निघाली ती मागे, लाद भिंतीला भिडते त्या फटीतून. तिथून एक फाटा भिंतीवरून खाली, दुसरा लादीच्या पोटाखालून सिंकच्या बुडाला, बुडावरून ओघळत नटाला, आणि नटावरून वाटीत. मी खालून सांगत गेलो, ती वरून बोट सरकवत गेली. "डावीकडे. अजून डावीकडे. भिंतीपाशी." तिचं बोट थांबलं.

मी बाहेर निघून उभा राहिलो. तिचं बोट माठाच्या बुडाशी होतं.

माठ पाझरतो. पाझरतो म्हणून तर पाणी गार होतं, आणि ऊन जितकं कडक तितका जास्त पाझरतो. सकाळी आठ, दुपारी सत्तावीस. आमच्या घरी, तिच्या माहेरी, सगळ्या गावात माठ ओला असतो आणि त्याला गळणं असं कुणी म्हणत नाही. म्हणून पाच दिवस त्याच्याकडे पाहूनही आम्हाला तो दिसला नव्हता. जुना माठ जमिनीवर होता तेव्हा त्याच्याखाली घमेलंभर वाळू असायची, पाझर ती पिऊन टाकायची. जमिनीवरचं सगळं आम्ही ओट्यावर चढवलं, वाळू तेवढी कोपऱ्यात राहिली.

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, कारण दोघांच्याही मनात एकच गोष्ट आली. तो माठ मावशींच्या यजमानांचा होता.

"त्यांना सांगू नका," बायको हळूच म्हणाली. "माठ खाली ठेवू. नट सैल होता, आवळला म्हणा."

"नट सैल नव्हता."

"तुमच्या नटाची कुणाला पडलीय?"

"पण त्या रोज येतात. माठ खाली का आणला, असं विचारतील ना?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण खोट्याचा हिशेब लांबत जातो आणि मला तो ठेवता येत नाही. शिवाय डाग त्यांच्या भिंतीवर होता. कशामुळे पडला हे कळायचा हक्क त्यांचा होता. एवढंच होतं की त्यांना ते लागलं असतं, तर शुक्रवारी ओटा गेला असता, आणि नंतर बायको बेलापूरला.

दुपारी मावशी आल्या. फुलपात्र घेतलं, माठावरची झाकणी उचलली. मी घसा साफ केला आणि सुरुवात केली ती थेंबांपासून. सकाळी आठ, दुपारी सत्तावीस, संध्याकाळी सोळा, बाकात अर्धं फुलपात्र. बायकोनं मागून माझ्या सदऱ्याचं टोक ओढलं. मावशींनी सगळं ऐकलं.

"काटेवाले भाऊ," त्या म्हणाल्या, "थेंबं ऱ्हाऊ द्या. गळतंय कुठनं तेवढं सांगा."

मी म्हणालो, "माठातून."

त्यांनी फुलपात्र ओट्यावर ठेवलं. माठाच्या पोटावर तळहात ठेवला, आणि बराच वेळ ठेवून उभ्या राहिल्या. हात काढला तेव्हा तो ओला होता. त्यांनी तो पदराला पुसला नाही.

"त्यांनाबी लई घाम यायचा," मावशी म्हणाल्या. "उन्हाळ्यात दिसाला दोन कुडती भिजायची. मी म्हनायची, वावर तुमच्या घामावरच पिकतंय, पाऊस कशाला पायजे."

बायकोला हसू आलं. तिनं तोंडावर पदर घेतला, पण मावशींनी पाहिलं, आणि त्याही हसल्या. हसता हसता डोळे पुसले, ते मात्र त्याच ओल्या हातानं.

मग त्या एकदम थांबल्या. वाकून माठाखाली पाहिलं. "आन वाळू कुठंय?"



"मीच ठिवला न्हवं का," त्या स्वतःशीच बोलल्या. "चाळीस वर्सं माठ ठिवतीय. कोरड्या फरशीवर कुनी ठिवतं व्हय?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आन तुमी पाच दिस त्या पाइपाला सूत गुंडाळताय!"

मी म्हणालो की जोड तरी चोख झाले.

कोपऱ्यातली जुनी वाळू मळली होती. त्या वर्षी नदीत पाणी नव्हतं, वाळू मात्र हवी तेवढी होती. संध्याकाळी मी सायकलवर अर्धं पोतं घेऊन आलो, बायकोनं ती चाळून घेतली. ओट्यावर परातीत वाळू, वाळूवर माठ. गुरुवारी दुपारी दोन वाजता मी घड्याळ लावून पाच मिनिटं नटाकडे पाहत बसलो. एकही थेंब नाही. बायको म्हणाली, आता उठा, मला भांडी घासायची आहेत.

शुक्रवारी गवंडी आला. मावशी त्याला सांगावा परत धाडायला विसरल्या होत्या, की मुद्दाम धाडला नव्हता, मला ठाऊक नाही. तो पहार आणि घमेलं घेऊन आला होता, आणि फोडायचं काय म्हणून विचारत होता. मावशी त्याला आत घेऊन आल्या. त्यांनी परात बाजूला करायला लावली आणि लादीवर माठाभोवती बोटानं एक गोल काढून दाखवला. इथं चार बोटं उंचीचा कठडा कर, म्हणाल्या, वाळू धरंल असा, आन भिंतीकडची फट बुजव. चांगलं पक्कं कर. हे सिंक आता हितंच ऱ्हानार हाय.

बायको सिंकपाशी उभी होती. गवंड्याला जागा हवी होती म्हणून ती बाजूला सरकली, पण ओट्याला धरलेला हात तिनं सोडला नाही. मी टेप आणायला गेलो, कारण चार बोटं म्हणजे कुणाची चार बोटं धरायची हे ठरायला हवं होतं.